कापसाच्या एका गाडीमागून: इंग्रजी अमदानीतला वऱ्हाडचा व्यापार आणि कारखानदारी

शेगाव, खामगाव, अकोट, कारंजा, मूर्तिजापूर, बडनेरा. यांपैकी कुठल्याही गावी स्टेशनावर उतरून किंवा एसटी स्टँडवरून बाजाराकडे चालत निघालात, तर वाटेत एखादं जुनं प्रशस्त आवार लागतं. दगडी भिंत, पत्र्याची उतरती छपरं, विटांचं उंच धुराडं, फाटकाशी वजनकाट्याची पडकी खोली. गावातली म्हातारी माणसं त्याला अजून 'जीन' म्हणतात, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कित्येक जिनांच्या जागी आता मंगल कार्यालयं उभी राहिली, प्लॉट पडले, तरी पत्ता सांगताना 'जुन्या जिनापाशी' असंच सांगतात.

या आवारांनी मला लहानपणापासून एक कोडं घातलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वाफेवर चालणारे इतके कारखाने ज्या मुलखात होते, तो मुलूख कारखानदारीचा का झाला नाही? तिथले विणकर, रंगारी, सूत काढणाऱ्या बाया कुठे गेल्या? आणि बाजारात एवढा पैसा खेळत असताना कापूस पिकवणारा कर्जात कसा राहिला?

उत्तर कळायला अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं लागत नाहीत. कापूस भरलेल्या एका बैलगाडीच्या मागून शेतापासून मुंबई बंदरापर्यंत जायचं आणि प्रत्येक मुक्कामावर एकच विचारायचं: इथे मालाचं काय झालं, आणि त्याचे पैसे कुणाला मिळाले?

मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुढे कायद्याची गोष्ट येते तेव्हा ती लागेल. वऱ्हाड होतं हैदराबादच्या निजामाचं. निजामाने इंग्रजी अंमलाखालची एक फौज पोसायची होती, तिचा खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्या खर्चापोटी कंपनीच्या ताब्यात गेलं. कागदावर मालक निजाम, कारभार मात्र हैदराबादेत बसणाऱ्या इंग्रज रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीचा. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडून टाकला.

थकलेल्या खर्चापोटी मुलूख घ्यायचा तर निजामाकडे इतरही होते. पण वऱ्हाडची काळी जमीन ओल धरून ठेवते, विहीर-पाटाशिवाय कापूस देते, ही गोष्ट इंग्रजांना चांगली ठाऊक होती. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला स्वतःचं नाव होतं: 'उमरा'. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, तिच्यावरून पडलेलं.

रेल्वे येण्याआधी हा कापूस विकला जातच नव्हता असं नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तो सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला नेत. तिथून गंगेतल्या नावांनी माल कलकत्त्याला जाई. लादलेला बैल दिवसाला आठ-दहा मैल चालला तरी नुसत्या मिर्झापूरपर्यंत दोन महिने गेले. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजला, चारा मिळाला नाही की बैल मेला. त्यामुळे जो माल एवढा खर्च सोसेल तेवढाच बाहेर पडे आणि बाकीचा गावातच वापरला जाई. गावातच सरकी काढली जाई, गावातच पिंजारी कापूस पिंजे, घरोघरच्या बाया सूत काढत, कोष्टी किंवा महार विणकर ते विणत, रंगारी रंगवत. बाजाराला जायला वाट नव्हती म्हणून हे सगळे हात कामाला होते.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत होता. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. लोकांनी शेअरांचे जुगार खेळले, आणि १८६५ साली युद्ध संपल्याची बातमी येताच दिवाळं निघालं. मुंबईची ही कहाणी सगळ्यांना माहीत असते. वऱ्हाडातली त्यामानाने कमी सांगितली जाते. भाव पडले, पण ज्यांनी ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली होती आणि चढ्या भावाच्या भरवशावर उधार घेतलं होतं, त्यांचं व्याज पडलं नाही.

युद्ध संपलं, पण त्या निमित्ताने घाईने हाती घेतलेला लोहमार्ग पुरा झाला. १८६७ साली मुंबईची गाडी भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. खामगाव मुख्य लोहमार्गापासून बाजूला पडलं होतं, म्हणून जलंबपासून आठ मैलांचा फाटा काढला. १८७० साली त्याचं उद्‌घाटन करायला कोण आलं होतं? खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. आठ मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी वऱ्हाडात येतो, यावरून त्या रुळांवरून काय जाणार होतं आणि ते कुणाला हवं होतं, हे उमजतं.

बाजारात गाडी सोडली

आता गाडी जुंपू. दिवाळीच्या आसपास पहिली बोंडं फुटतात, घरची बाई वावरात दहीभात ठेवून सीतादही करते आणि वेचणी सुरू होते. वेचलेला कापूस, म्हणजे सरकीसकट असलेला, गाडीत दाबून भरला की शेतकरी रात्रीच निघतो. पहाटे खामगाव, अमरावती नाहीतर कारंज्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागते. बैल सोडले, चारा टाकला, आणि इथे कापसाला पहिला माणूस भेटला: अडत्या.

अडत्या माल विकत घेत नाही. तो शेतकऱ्याच्या वतीने विकून देतो आणि त्याबद्दल अडत कापून घेतो. मग मध्यस्थ लागतोच कशाला? कारण शेतकरी बाजाराला परका. त्याला खरीददार कोण ते ठाऊक नाही, आजचा भाव ठाऊक नाही, संध्याकाळपर्यंत बैल उपाशी ठेवून थांबायची ताकद नाही. शिवाय बहुतेक वेळा पेरणीला बी-बियाणं आणि पोळ्याला कपडा याच अडत्याने किंवा त्याच्या ओळखीच्या सावकाराने उधार दिलेला असे. मग माल दुसऱ्या दारी कसा न्यायचा? उधारीचा खरा फास व्याजापेक्षा इथे होता. देणेकऱ्याला भाव विचारायला दुसरा दरवाजा उरत नव्हता.

अडत्या आणि खरीददार यांच्यामध्ये दलाल. हिंदुस्थानातल्या कित्येक बाजारांत भाव मोठ्याने बोलला जात नसे. दोघे रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा ठरवत. गाडीशेजारी उभ्या असलेल्या मालकाला आपला माल काय भावाने गेला ते सौदा झाल्यावर कळे.

मग वजन. आज आपण क्विंटलमध्ये बोलतो, तेव्हा गावागणिक मण बदलायचा. मुंबईच्या कापूसबाजाराचा हिशेब मात्र ठरलेला होता: २८ पौंडांचा मण, अशा २८ मणांची खंडी, म्हणजे ७८४ पौंड. दाबलेली गाठ अर्ध्या खंडीची, ३९२ पौंडांची. शेतकऱ्याचं माप एक, अडत्याचं दुसरं, मुंबईचं तिसरं. ही मापं एकमेकांत बसवताना जी तूट उरे, ती नेहमी कुणाच्या पदरात पडे हे सांगायला नको.

वजनानंतर कापाकापी सुरू. ओल असेल म्हणून वाळण. बारदानाचं, मातीचं म्हणून कडता. मापाऱ्याची तोलाई, हमालाची हमाली, अडत, दलाली. आणि शेवटी धर्मादाय, म्हणजे देवळाला, धर्मशाळेला, गोरक्षणाला. दान खरीददाराच्या नावाने होई, पैसे विकणाऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, जात. यातली एकेक रक्कम लहान होती, म्हणून तिच्यावर भांडण करणारा माणूस कोता ठरे. बेरीज मात्र लहान नव्हती.

एवढं होऊन गाडी खरीददाराच्या जिनात रिकामी करायला गेली की 'वांधा' निघे. अर्धा माल उतरल्यावर माणूस म्हणणार, खालचा कापूस वरच्यासारखा नाही, भाव कमी करा. अर्धी गाडी रिकामी, अर्धी भरलेली, संध्याकाळ झालेली, गाव दहा कोसांवर. शेतकरी काय करेल? मला या सगळ्या व्यवहारात हा क्षण सगळ्यात क्रूर वाटतो. बाजारात निदान दहा माणसं होती. इथे फाटक लावून घेतलेल्या आवारात तो एकटा असे.

दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. कापसात माती, सरकी, पाणी मिसळणं चालायचं. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला होता. पण ही भेसळ बहुतेक वाटेतल्या हातांत होई. आणि चांगल्या मालाला चांगला भाव मिळतच नसेल तर माल चांगला ठेवायचा कुणासाठी?

बनी का हरली

ही शेवटची ओळ थोडी उलगडून सांगतो, कारण अख्ख्या मुलखाचं पीक कसं बदललं ते तिच्यात आहे.

वऱ्हाड-वर्धा भागात 'बनी' नावाचा देशी कापूस होता. हिंगणघाटचा म्हणून तो नावाजलेला. धागा लांब, मऊ, रेशमी. पण सरकी काढल्यावर शंभर शेर कापसातून रुई निघायची साधारण पंचवीस ते अठ्ठावीस शेर. दुसरा होता 'जरी'. धागा आखूड आणि खरखरीत, पण झाड काटक, लवकर येणारं, रुईचा उतारा जास्त. पुढे यातूनच निवडलेल्या 'रोझियम' वाणाचा उतारा अडतीस-चाळीसपर्यंत जाई.

बनीचा धागा चांगला, म्हणून तिला भाव जास्त मिळायला हवा होता. पण जिनात सगळ्या गाड्यांचा कापूस एका ढिगात पडायचा. एका बनीच्या गाडीवर चार जरीच्या गाड्या ओतल्या की गाठीत मिसळूनच माल जाणार. खरीददार मग बनीचा वेगळा भाव कशाला देईल? तो बघणार रुई किती निघते. शेतकऱ्याने हे ओळखलं आणि जरी लावली. तो अडाणी होता म्हणून चांगलं बी गेलं, असं तेव्हाचे साहेब लिहीत. मला वाटतं त्याने बाजार अगदी बरोबर वाचला होता.

लँकेशायरच्या गिरण्या लांब धाग्यावर चालायच्या. त्यांना 'उमरा' अडीअडचणीलाच हवा असे, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाल्यावर तर आणखीच कमी. म्हणजे ज्या लँकेशायरसाठी एवढे रूळ टाकले, तिला इथला कापूस फारसा नकोच होता. तो गेला युरोपातल्या इतर देशांत, मुंबईच्या गिरण्यांत, आणि १८९३ साली मुंबई ते जपान थेट जहाजं सुरू झाल्यावर मोठ्या प्रमाणावर जपानकडे. जपानी गिरण्यांनी आखूड धागा दुसऱ्या कापसात मिसळून स्वस्त सूत काढायची हातोटी साधली होती.

जिनाच्या आवारात

जिनात नेमकं काय होतं? कापूस आत जातो, चामड्याचे रूळ आणि पातं रुई ओढून घेतात, सरकी खाली पडते. मग रुई दाबयंत्रात, म्हणजे प्रेसमध्ये, दाबून लोखंडी पट्ट्यांनी गाठ आवळतात. संपलं. कापसाचं सूत होत नाही, कापड होत नाही. त्यात होतं ते फक्त हे, की सैल माल घट्ट होतो आणि आगगाडीच्या डब्यात, जहाजाच्या पोटात तो जास्त मावतो.

सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे. धुराडं होतं, बॉयलर होता, भोंगा होता. पण हा कारखाना वस्तू बनवत नव्हता. तो वस्तूला प्रवासासाठी तयार करत होता. कापसाची किंमत ज्या कामांनी खरी वाढते, म्हणजे सूत, वीण, रंग, ती कामं दूरवर होत होती. शेगाव आज गजानन महाराजांमुळे जगाला माहीत आहे. त्या काळच्या सरकारी नोंदींत ते येतं कापसाचा बाजार आणि प्रेस यांच्यामुळे. पण शेगावात बांधलेली गाठ शेगावात कधी सुटत नसे.

जिनांच्या मालकांनी आणखी एक युक्ती काढली. तिचं नाव 'पूल'. गावात गरजेपेक्षा जास्त जिनं झाली. स्पर्धा झाली असती तर सरकी काढायचा दर उतरला असता आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त पडले असते. म्हणून मालक एकत्र बसत, दर ठरवून टाकत, आणि हंगामाअखेर नफा यंत्रांच्या हिशेबाने वाटून घेत. यात जी जिनं वर्षभर कुलूपबंद होती त्यांनाही वाटा मिळे. मग लोक नुसता पुलातला वाटा मिळावा म्हणून नवं जीन बांधायला लागले! कारखाने वाढले म्हणजे उद्योग वाढला असं आपण सहज धरून चालतो. इथे वाढलेल्या प्रत्येक कारखान्याचा खर्च शेवटी त्याच गाडीवाल्याच्या भावातून निघत होता.

आणि आत काम कोण करत होतं? मुख्यतः बाया. शेतमजुरांच्या घरातल्या, हंगामापुरत्या. हवेत रुईचे तंतू एवढे की श्वास घ्यायला नको. १८८१ सालचा हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तो लागू होता शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. जीन तर हंगामी. पुढे १९११ च्या कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद केली, पण कापसाच्या जिनांना त्यातून सवलत ठेवली. म्हणजे जिथे बाया खरोखर रात्रभर उभ्या राहत होत्या, नेमकं तेच ठिकाण वगळलं. कायद्याच्या भाषेत ही एक ओळ असते. मला मात्र ती वाचताना कंदिलाच्या उजेडात यंत्राच्या तोंडात कापूस ढकलणारे हात दिसतात आणि कोपऱ्यात रुईच्या ढिगाशेजारी निजवलेलं पोर दिसतं.

भाव तारेवरून येतो

गाठी बडनेऱ्याला किंवा अकोल्याला आगगाडीत चढल्या. पुढचं थोडक्यात. खरीददारांत मुंबईचे भाटिया, पारशी, मारवाडी व्यापारी होते, तसे रॅली आणि स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट असे परदेशी व्यापारीही होते. हे लोक मुंबईत बसून वाट बघत नव्हते. त्यांची माणसं थेट वऱ्हाडच्या बाजारात खरेदी करत. पैसे चालत हुंडीवर. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, की याला इतक्या दिवसांनी इतके रुपये द्या. रोख रक्कम जंगलातून नेण्याचा धोका टळे आणि दिवसांचं व्याज आधीच कापलं जाई.

सगळ्यात मोठा बदल तारेने केला. १८७० साली समुद्रातली तार मुंबईला पोचली. त्यानंतर लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि मुंबईचा खामगाव-अमरावतीला झपाट्याने कळू लागला. सकाळी तार आली की भाव फुटला. पऱ्हाटीवर इथे लाल्या रोग पडो की पाऊस दडी मारो, भाव हलायचा मिसिसिपीच्या काठी पीक कसं आहे त्यावर. शेतकऱ्याचं स्वतःचं पीक बुडालं म्हणून त्याला चढा भाव मिळेल, हा जुना हिशेब तुटला. गावचं पीकही गेलं आणि भावही पडला, असं एकाच वर्षी होऊ शकत होतं. आणि ज्वारीच्या जागी कापूस लावलेल्याला खायला ज्वारी विकतच घ्यायची होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडसारख्या सुपीक म्हणवणाऱ्या मुलखात इतकी माणसं का मेली, याचं एक कारण हेच. बाजारात धान्य होतं, पण मजुरीच बंद झाली होती. मग ते विकत घ्यायचं कशाने?

परतीच्या डब्यात काय आलं

गाठी घेऊन गेलेली आगगाडी रिकामी परत येत नव्हती. हे काही आपोआप झालं नाही, ते ठरवून झालं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी आपल्या अहवालांत हा विचार उघड मांडला आहे: विलायती कापड आणखी स्वस्तात आत आलं, तर गावात सुतासाठी खर्च होणारा कापूस मोकळा होईल आणि तोही निर्यातीला मिळेल. म्हणजे वऱ्हाडी बाईचा चरखा साहेबाच्या हिशेबात कापसाची गळती होती.

चरखाच पहिला थांबला. एका विणकराला पुरेसं सूत द्यायला चार-सहा जणींना हात चालवावे लागत. विधवा, म्हाताऱ्या, घराबाहेर न पडणाऱ्या बाया या कामावर पोट भरत, निदान मीठमिरचीला पैसे काढत. गिरणीचं सूत आलं आणि हे काम काही वर्षांत नाहीसं झालं. त्यांचं दुकान नव्हतं, पंचायत नव्हती, त्यामुळे त्यांचं जाणं मोजलंच गेलं नाही.

रंगाऱ्यांचा घाव लांबून आला. लाल रंगासाठी वऱ्हाड-खानदेशात 'आल' लावत. तीनेक वर्षांनी मुळं खणून काढायची, कुटायची, त्यात कापड मुरवायचं. जर्मनीत तोच लाल रंग १८६९ च्या सुमारास रसायनशाळेत तयार झाला आणि डब्यातून बाजारात आला. तीन वर्षं जमीन अडवणाऱ्या पिकाने त्याच्यापुढे टिकायचं कसं? थोड्याच काळात आलीची शेतं मोडली.

विणकर मात्र लगेच संपले नाहीत, आणि इथे नेहमी सांगितली जाणारी गोष्ट थोडी दुरुस्त करायला हवी. गिरणीच्या सुताने बायकांचं काम घेतलं, पण विणकराला ते सूत स्वस्त नि एकसारखं मिळू लागलं. काठपदराचं लुगडं यंत्रमागावर सहज निघत नव्हतं आणि बायकांना काठ हवाच होता. नागपूर, उमरेडच्या कोष्ट्यांनी त्या काठावर पुढची कित्येक वर्षं तग धरली. अकोटच्या सतरंज्यांचं नाव राहिलं. बुडाले ते जाडंभरडं विणणारे, त्यात महार विणकर मोठ्या संख्येने होते. त्यांचं गिऱ्हाईक होतं गरीब माणूस आणि गरीब माणसाला चार आणे स्वस्त काय ते आधी दिसतं. मग माग आवरून ते कुठे गेले? सालदार म्हणून शेतात, हमाल म्हणून बाजारात, मजूर म्हणून त्याच जिनात.

बाकीच्या कारागिरांचं एकेकाचं नशीब वेगळं. तेल्याच्या घाण्यावर दिव्याच्या तेलाचं गिऱ्हाईक घासलेटने, रॉकेलने नेलं, खाण्याचं तेल राहिलं. बंजाऱ्यांची लादणी आगगाडीने बुडवली आणि हजारो तांडे यवतमाळ, वाशिम, पुसदकडे डोंगराच्या कडेला शेती आणि मजुरी करत स्थिरावले. सुतार-लोहारांना उलट काम वाढलं. कारण आगगाडी फक्त स्टेशनापर्यंत येते, शेतापासून स्टेशनापर्यंत गाडीच लागते, आणि चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहारही.

आणि कापड गिरण्या? त्या निघाल्या, पण मोजक्या. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडताना त्यांचा हिशेब सरळ होता: कापूस शेजारी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, कापड विकायला भोवतीचा मुलूख. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला इथेही गिरण्या झाल्या. कापसाच्या उशाशी कापड विणता येतं हे सिद्ध झालं होतं. पण बहुतेक व्यापाऱ्यांनी पैसा जिनात आणि सावकारीत घातला. जिनाला भांडवल कमी, जोखीम कमी, नफा दर हंगामाला रोख. गिरणीला मात्र वर्षानुवर्षं थांबायची तयारी हवी. शिवाय विलायती कापडावर चार पैसे जकात बसवून गिरणीला आडोसा देणारं सरकार नव्हतं. उलट १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता, लँकेशायरला वाईट वाटू नये म्हणून.

कारंज्याचा हुकूम

आता पुन्हा बाजारात येऊ, कारण या मुलखाने देशाला दिलेली एक गोष्ट तिथेच जन्मली. गोंधळाचा बाजार मोठ्या खरीददारांनाही परवडत नव्हता. विलायतेला एकसारखा, स्वच्छ माल हवा होता आणि दर बाजाराला वेगळं माप, वेगळी कापाकापी त्यांच्या आड येत होती. म्हणून १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला. हिंदुस्थानातला तो पहिला नियंत्रित बाजार मानतात. नंतर १८९७ साली वऱ्हाडसाठी 'कापूस व धान्य बाजार कायदा' झाला. बाजार कुठे भरेल ते ठरलं. अडत्या, दलाल, मापारी यांना परवाना लागू झाला. वजनाची तपासणी आली, बाजाराचं काम बघायला समिती आली.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. समितीत व्यापारी होते, नगरपालिकेचे लोक होते. गाडी घेऊन येणाऱ्याला तिथे जागा नव्हती. त्यामुळे काटा सरळ झाला, पण कडता किती घ्यायचा आणि वांध्याचा निवाडा कुणी करायचा, हे ज्याच्याविरुद्ध तक्रार असे तोच ठरवत राहिला.

१९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर वऱ्हाडच्या धर्तीवर बाजार बांधावेत अशी शिफारस केली, आणि त्याबरोबर हेही नोंदवलं की अशा समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी हवेत. आज तालुक्याच्या गावी दिसणारी कृषी उत्पन्न बाजार समिती त्याच वाटेने आली. तिचे सेस, परवाने, तोलाई-हमालीचे दर आणि उघड हर्रास यांची मुळं कारंज्याच्या त्या हुकमात सापडतात. आणि हंगामात आवाराबाहेर रस्त्याकडेला गाडीत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, रात्रभर जागून काट्यावर आपला नंबर लागायची वाट बघणारा माणूसही तोच आहे.